सहावा हिस्सा

देवळ्यात विंचूर-प्रकाशा रस्त्याला लागून आमचा तीन गुंठ्यांचा प्लॉट पडून आहे. वडिलांनी घेतला तेव्हा तिथे बाभळी होत्या. आता मिळकतीवर दोघा भावांची आणि माझी अशी तीन नावं लागली आहेत. भावांना तिथे गाळे काढायचे आहेत, त्यासाठी माझी सही हवी. ‘‘आक्का, हक्कसोड करून टाक. तुला काय करायचंय त्याचं?’’ धाकटा विचारतो.

खरंच काही करायचं नाही. मास्तरकीची पेन्शन मला पुरते. अडलंय ते वेगळ्याच प्रश्नावर. ही जागा आमची म्हणजे नेमकी किती आमची?

खरेदीखताने सगळी आमची. पण वडिलांनी पैसे मोजले ते बाभळीच्या तुकड्याचे. 1999 मध्ये तालुका झाला, कचेऱ्या आल्या, मागून नगरपंचायत आली, कांद्याच्या गाड्या वाढल्या. यातलं आम्ही काय केलं? प्लॉटला साधं कुंपणही घातलं नाही. तरी भाव चढला आणि आमच्या नावावर जमा झाला. शेतात पिकतं त्यामागे निदान आपला घाम असतो. इथे गाव पिकलं आणि सुगी आम्ही घरी आणली.

गीतेचा तिसरा अध्याय असल्या माणसाला सरळ चोर म्हणतो: जे मिळालं त्यातलं परत न करता एकट्याने भोगणारा तो चोर. नाना, म्हणजे आमचे थोरले, म्हणतात, ‘‘ते यज्ञाबद्दल आहे, प्लॉटबद्दल नाही.’’ मला हा भेद पटत नाही. नाना दर वर्षी सत्यनारायण घालतात आणि प्रसाद गल्लीभर वाटतात. प्रसादाला लागू होतं ते जमिनीला का नाही?

विनोबांनी ते जमिनीला लावून दाखवलं. 1932 मध्ये त्यांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. एकोणीस वर्षांनी, एप्रिल 1951 मध्ये, तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूमिहीनांनी ऐंशी एकर मागितले आणि एका जमीनमालकाने शंभर देऊ केले. पुढे विनोबा गावोगाव सांगत हिंडले: तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या. मला यातली भीक न मागण्याची रीत आवडते. हिस्सा मागणारा दारात उभा राहत नाही, पंगतीत बसतो.

भूदानाचं पुढे काय झालं तेही ठाऊक आहे. खडकाळ, भांडणात अडकलेल्या कितीतरी जमिनी लोकांनी देऊन टाकल्या. नको असलेला कोपरा देणं हे दान नव्हे, सफाई आहे. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचं त्याहून वाईट झालं. 1991 च्या नियमाने जमिनीचा तिसरा हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेसाठी आणि तिसरा घरांसाठी द्यायचा होता. 2001 मध्ये नियम फिरवला आणि ही वाटणी आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. गिरणगावाच्या पदरात फारच थोडं पडलं.

म्हणून मी आधीच सांगून ठेवलंय: बांधकाम परवानगीसाठी जे सामासिक अंतर सोडावंच लागतं, ते मी गावासाठी काढायच्या सहाव्या हिस्स्यात धरणार नाही.

आमच्या प्लॉटवर बाजाराच्या दिवशी मेथी, कोथिंबीर, वांगी घेऊन बायका बसतात. बाकी दिवस तिथे बाटल्या, प्लास्टिक आणि डुकरं. तेव्हा जागा तशीच पडू देण्यात काही पुण्य आहे असं मी म्हणत नाही. डिप्लोमा झालेला पुतण्या घरी बसून आहे, कांद्याच्या भावावर घर चालत नाही. गाळे व्हायला हवेत. पायाभरणीला भटजी भूमीची क्षमा मागायला लावतील, तीही आम्ही मागू. मेथीवालीची कोण मागणार? 2014 च्या कायद्याने पथविक्रेत्यांची सोय नगरपंचायतीने पाहायची आहे. पाहावी. पण कायद्याने दुसऱ्यावर टाकलं म्हणून आमचं देणं फिटत नाही.

तीन गुंठ्यांचा सहावा हिस्सा अर्धा गुंठा, म्हणजे साधारण 544 चौरस फूट. येण्याजाण्याची वाट सोडून दहा-बारा पाट्या सहज बसतील. तो कोपरा रस्त्याकडचाच हवा, मागचा नको. वर पत्रा आणि एक पाण्याचा नळ. पावती फाडायची नाही. ‘‘दोन गाळे कमी होतील,’’ नाना म्हणतात. होतील.

माझ्या हिश्शाचं भाडं मला नको, त्यातूनच ते दोन गाळे वळते करा, असं मी भावांना सांगितलंय. मंजुरीच्या नकाशात तो अर्धा गुंठा वेगळा आखून आणा. त्याच दिवशी कचेरीत येऊन हक्कसोडीवर सही करीन. आमच्या कसमादे भागातल्या बाजाराच्या गावांत रस्त्यालगत ज्यांचे प्लॉट पडून आहेत, त्यांनीही एकदा जुनं खरेदीखत काढून आजच्या भावाशेजारी ठेवावं, आणि मधला फरक कुणी कमावला ते स्वतःलाच विचारावं.