आधी ताट, मग प्रश्न



उपासनेच्या 'क' वर्षी, पास्काकाळातील तिसऱ्या रविवारी आपण संत योहानलिखित शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय ऐकतो. रात्रभर कष्ट करूनही शिष्यांच्या जाळ्यात काही लागत नाही. पहाटे किनाऱ्यावरून प्रभू त्यांना उजव्या बाजूला जाळे टाकायला सांगतो आणि १५३ मोठे मासे मिळतात. प्रवचनात आम्ही बहुधा त्या जाळ्याविषयीच बोलतो. पण शिष्य किनाऱ्याला लागतात तेव्हा कोळशांचा विस्तव आधीच पेटलेला आहे, त्यावर मासळी आहे, जवळ भाकर आहे. मरणावर विजय मिळवलेला प्रभू स्वयंपाक करीत बसला आहे!

मूळ ग्रीकमध्ये कोळशांच्या विस्तवासाठी जो शब्द आहे, तो संपूर्ण नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. एक येथे आणि दुसरा प्रमुख याजकाच्या अंगणात, जेथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने प्रभूला नाकारले. ते निखारे पुन्हा समोर पाहून पेत्राच्या पोटात काय कालवले असेल! आता जाब विचारला जाणार, असेच त्याला वाटले असेल. प्रभू मात्र त्याला जेवू घालतो. प्रश्न येतात, तीन वेळा येतात. पण जेवण झाल्यावर.

मागे एकदा आपल्या कॅम्प ४ मधील एका घरी घरभेटीला गेलो होतो. त्या घरच्या मुलाने नोकरी सुटल्याचे लपवले होते. दोन महिने तो सकाळी डबा घेऊन विठ्ठलवाडीहून लोकल पकडायचा आणि संध्याकाळी परत यायचा. त्याच दिवशी वडिलांना ते कळले होते. मी पोहोचलो तेव्हा वडील खाटेवर मान फिरवून बसलेले, मुलगा दाराशी उभा. मला काय बोलावे ते सुचेना. आईने मात्र मुलाच्या पुढ्यात शेवग्याच्या शेंगा ठेवल्या आणि म्हणाली, "सोल."

तिने पातेल्यात पाणी, कांदा, ठेचलेले आले-लसूण, हळद आणि दोन हिरव्या मिरच्या घातल्या. चैत्र असल्याने कैरीच्या फोडी होत्याच. शेंगा आणि दुधी आधी शिजू दिले, कारण त्यांना वेळ लागतो. मग गॅस अगदी बारीक करून रोहूचे तुकडे अलगद सोडले आणि झाकण ठेवले. (शेजारच्या सिंधी मावशींनी कमळकाकडी सुचवली होती म्हणे. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या आपल्या शेजाऱ्यांना नदीचा मासा शिजवायला कोण शिकवणार?)

वडील म्हणाले, "गॅस मोठा कर, फादरांना उशीर होतोय."

"मोठा केला तर मासा फुटेल," ती म्हणाली.

खरेच आहे ते. माशाचे मांस मटणासारखे चिवट नसते. पाणी १०० अंशांना उकळते, मासा ६० अंशांच्या आसपासच शिजू लागतो. पाणी नुसते थरथरत राहिले की सात-आठ मिनिटांत काम होते. खळखळ उकळले की तुकडे मोडतात, रस निघून जातो आणि उरतो तो चोथा. जाळ मोठा करणाऱ्याला वाटते, आपण काम लवकर उरकले. मीही कबुलीला आलेल्या माणसांवर कधी कधी असा जाळ मोठा केलेला आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. प्रभूची मासळी विस्तवावर तयार होती, तरी त्याने शिष्यांना त्यांनी धरलेल्यातले काही आणायला सांगितले. रात्रभर हात रिकामे राहिलेल्यांचाही त्या न्याहारीत वाटा हवा होता. त्या शेंगा आईला स्वतःला सोलता आल्या नसत्या काय?

आम्ही चौघे जेवायला बसलो. प्रार्थना मी म्हटली, आमेन वडिलांनी जरा उशिराच म्हटले. बराच वेळ शेंगा चोखण्याचा तेवढा आवाज. वडिलांनी काटे काढून ताटाच्या कडेला ठेवले, पाणी प्याले आणि मुलाकडे न पाहता विचारले, "दुपारी डबा कुठे बसून खायचास?"

मुलगा म्हणाला, "कल्याणला. फलाटावर."

वडिलांनी पातेले स्वतःकडे ओढले आणि माशाचा उरलेला तुकडा त्याच्या भातावर वाढला.