सॅकमधलं किट आणि पन्नास पावलं

गेल्या पावसाळ्यात राजमाचीहून कर्जतच्या बाजूने उतरत होतो. वाटेत दुसऱ्या ग्रुपमधला एक मुलगा शेवाळलेल्या कातळावरून घसरून बसला होता. नडगीवर खोल जखम, रक्त थांबत नव्हतं. एक मित्र रुमाल दाबायचा आणि दर मिनिटाला उचलून ‘थांबलं का’ बघायचा. दुसरा तंबाखू लावायच्या तयारीत. माझ्या सॅकमध्ये गॉज होता, क्रेप बँडेज होतं. मी ‘काही लागलं तर सांगा’ म्हणालो आणि पुढे निघालो. लोकल गाठायची होती.

पन्नासेक पावलांवर मैत्रिणीने विचारलं, “ते किट नक्की कुणासाठी आणलंयस?”

परत गेलो. गॉजची घडी जखमेवर ठेवून दहा मिनिटं न उचलता दाबून धरली. ती भिजली, तेव्हा तिच्यावरच दुसरी ठेवली. मग पट्टी. एवढंच.

नंतर मला छळत राहिलं ते वेगळंच. मैत्रिणीकडे किट नव्हतं. ती तशीच पुढे गेली असती, तर तिला कुणीच दोष दिला नसता. किट नेणारा अडकतो, न नेणारा मोकळा. कांटच्या नावाने ओळखलं जाणारं एक तत्त्व आहे: जे करणं आपल्याला शक्यच नाही, ते आपलं कर्तव्य असू शकत नाही. ऐकायला न्याय्य वाटतं, पण त्यात एक बग आहे. माझी क्षमता जितकी कमी, तितकं माझं देणं कमी. म्हणजे निर्दोष राहायचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता, तर काही न शिकणं आणि काही न बाळगणं. (आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं. ज्याला जुना कोड कळतो त्यालाच रात्री दोनला फोन येतो, म्हणून हुशार लोक तो कोड उघडतच नाहीत.)

पण किट न नेणं हाही निर्णयच असतो. शुक्रवारी रात्री घरी, ट्रायपॉड मावावा म्हणून घेतलेला. रविवारी डोंगरावर तोच ‘नाइलाज’ होऊन समोर येतो.

अर्थात सगळंच नेता येत नाही. घोणस किंवा फुरसं चावलं तर प्रतिविष रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावं लागतं. ते सॅकमध्ये टाकून उपयोग नाही. तिथे आपल्याजवळ असू शकते ती माहिती: चीर द्यायची नाही, चोखायचं नाही, दोरी करकचून बांधायची नाही, धीर द्यायचा, चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही आणि माणसाला चालायला न लावता लवकरात लवकर रुग्णालयात पोचवायचं. याला वजनच नाही. त्यामुळे ‘मला कुठे काय येतं’ ही सबब इथे जास्तच लंगडी पडते.

आमची लोकल चुकली, पुढची मिळाली. किटमधला गॉज संपला होता, तो भरायचा राहून गेला. पुढच्या ट्रेकला वाटेत एक जण पाय धरून बसलेला दिसला, तेव्हा मनात पहिल्यांदा आलं ते असं: बरं झालं, आज आपल्याकडे काही नाही.