चौथा दास

मत्तयाच्या शुभवर्तमानातला थैल्यांचा दृष्टांत आम्हाला शब्बाथ शाळेत शिकवला गेला तो आळशी पोरांना धाक म्हणून. मालक परगावी निघतो, तीन दासांना बोलावतो आणि आपला पैसा त्यांच्या हवाली करतो. एकाला पाच थैल्या, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा जमिनीत खड्डा खणून आपली थैली पुरून ठेवतो. मालक परततो, हिशेब होतो, तिसऱ्याची हकालपट्टी होते. बोध ठरलेला: देवाने दिलेले गुण वापरा, नाहीतर तुमचंही असंच होईल.

बंगळुरूला नोकरीसाठी आल्यावर एकदा हा अध्याय वाचताना मी सहज आकडेमोड केली. मूळ ग्रंथातली ही थैली म्हणजे एक तालांत, सुमारे ६,००० दिनार. दिनार हा मजुराचा एका दिवसाचा रोज. त्याच शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायातले द्राक्षमळ्यातले मजूर एका दिनारावरच कामाला लागलेले आहेत. म्हणजे एका थैलीत मजुराची जवळपास २० वर्षांची कमाई. इथल्या बांधकामावरच्या बिगाऱ्याचा रोज ७०० रुपये धरला, तर ४२ लाख. ज्याला आपण बिचारा एक थैलीवाला समजत आलो, त्याच्या पदरात एवढी रक्कम पडली होती. ती त्याला कमी वाटली असेल, तर शेजारी पाच थैल्यांवाला उभा होता म्हणून.

बंगळुरू हे शेजारच्या पाच थैल्यांवाल्यांचं शहर आहे. लातूरच्या किंवा सांगलीच्या कॉलेजात पहिला आलेला मुलगा इथे व्हाइटफील्डच्या कचेरीत बसतो आणि आठवड्याभरात त्याच्या लक्षात येतं, की या मजल्यावरचा प्रत्येक जण कुठे ना कुठे पहिलाच आलेला आहे. मग अप्रेझल, मग रेटिंग, मग सोबतच्या कुणाला तरी झालेली परदेशवारी. १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कर्तबगार स्त्रियांमध्ये एक गोष्ट टिपली. चांगलं यश मिळवूनही या बायका ते नशिबाचं मानत होत्या आणि आपलं बिंग एक दिवस फुटणार या भीतीत जगत होत्या. त्यांनी ठेवलेलं नाव, इम्पोस्टर, आता या शहरात सर्दी-पडशाइतक्या सहज ऐकू येतं.

या दुखण्यावर औषध विकणारेही भरपूर आहेत. कार्यशाळा आहेत, पॉडकास्ट आहेत, आणि रविवारी सकाळी भाड्याच्या सभागृहांत गिटार-ड्रमच्या साथीने भरणाऱ्या काही उपासनाही आहेत. 'देवाने तुला जिंकण्यासाठीच घडवलंय' असं तिथे सांगतात. ऐकणाऱ्याला चार दिवस बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. पण कार्यशाळेतलं 'स्वतःवर विश्वास ठेव' आणि हे, यांत मला फारसा फरक दिसत नाही. पाककृती तीच, वर वचनाची कोथिंबीर. आणि जिंकलं नाही की माणूस दुप्पट खचतो, कारण आता त्याची अक्कलही कमी ठरते आणि विश्वासही.

दृष्टांत मात्र वेगळं काही सांगतो असं मला दिसतं. तिसरा दास मालकासमोर उभा राहतो तेव्हा तो 'माझी लायकी नव्हती' असं म्हणत नाही. आपल्या कुवतीबद्दल तो अवाक्षर काढत नाही. तो म्हणतो, की तुम्ही कठोर आहात, न पेरलेल्या जागी कापणी करता, म्हणून मला भीती वाटली. त्याची शंका स्वतःविषयी नाहीच, ती देणाऱ्याविषयी आहे. मनात मालकाचं जे चित्र त्याने रंगवलं, त्याने त्याचे हात बांधले. कचेरीतही हेच घडतं. ज्याचा साहेब चुकीवर टपून बसलेला असतो, तो माणूस काम करतो ते चूक न होण्यापुरतं. ख्रिस्ती विश्वासाचं म्हणणं म्हणूनच 'तू थोर आहेस' असं नाही. ज्याने दिलं तो तुला अडकवायला बसलेला नाही, एवढंच त्याचं म्हणणं. या दृष्टांतात एक बारकावा आहे, तो सहसा कुणी वाचून दाखवत नाही. पाचांचे दहा करणाऱ्याला आणि दोनांचे चार करणाऱ्याला मालक जी शाबासकी देतो ती अक्षरशः एकच आहे. एक शब्द इकडचा तिकडे नाही. रेटिंग नाही.

इथे कुणी हटकेल, की शेवटी मालक कठोरच निघाला ना? भ्यालेल्या माणसाला त्याने बाहेरच्या अंधारात टाकलं. हा आक्षेप खरा आहे. 'दासाने जसा मालक मानला तसा त्याला मिळाला' असं एक उत्तर दिलं जातं. ते चतुर आहे, पण माझं समाधान होत नाही. घाबरून गोठलेल्या माणसाला शिक्षा करणारी गोष्ट घाबरलेल्यांना धीर द्यायला वापरावी, यात मला आजही अवघडल्यासारखं होतं. धीर द्यायचाच तर निर्गमातला मोशे जास्त उपयोगी. मी जड जिभेचा, मला बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला पाठवा, असं तो थेट देवाला सांगतो. देव रागावतो, पण जीभ मोकळी करून देत नाही, भाऊ अहरोन जोडीला देतो. न्यूनाची भावना दूर झाल्यावर माणूस कामाला लागला, असं तिथे घडलेलं नाही. न्यून तसंच राहिलं आणि काम सुरू झालं.

मराठीत या गोष्टीचं सगळ्यात धडधाकट उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. शाळेचं तोंड न पाहिलेली, १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेली मुलगी. वडिलांच्या सोवळ्याच्या धाकात बालपण गेलं, लहानपणीच नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. नवरा प्रतिभावान, लहरी, तापट. अक्षरओळख झाली ती त्याच्याच हातून, त्याला सवड आणि लहर असेल तशी. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. पाच वर्षांनी, १९०० साली, लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. पाच थैल्यांचा धनी घरातच असलेली ही बाई. दबून जायला याहून सबळ कारण दुसरं कुठलं असणार!

'स्मृतिचित्रे'त त्या स्वतःवर जितक्या हसतात तितकं मराठीत क्वचितच कुणी हसलं असेल. आपला अडाणीपणा, भित्रेपणा, हट्ट, फजित्या, सगळं त्या चव्हाट्यावर मांडतात. तरी पुस्तकभर त्या कुठेही लहान होत नाहीत. पुष्कळ वर्षं मला हे कोडं वाटायचं, कारण आमच्या मंडळीत नम्रतेच्या नावाखाली स्वतःला कस्पटासमान म्हणण्याची पद्धत मी पाहिली होती आणि तिच्यात नम्रता कमी, मान मोडून उभं राहण्याचा सराव जास्त, असं मला वाटत असे. लक्ष्मीबाईंच्या हसण्यात ती मोडलेली मान नाही. आपल्यात काही असलं तरी ते आपण कमावलेलं नाही, ही पक्की समजूत असलेल्या माणसाला स्वतःवर मनमोकळं हसता येतं, असं मला आता वाटतं. त्याला राखायची अशी अब्रू उरत नाही.

१९१९ साली टिळक गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबलेलं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि पुढचे ६४ अध्याय लिहिले. काव्य म्हणून त्यांचं मोल काय, यावर मतभेद होऊ शकतात. मला स्वतःला गद्यातल्या लक्ष्मीबाई कितीतरी मोठ्या वाटतात. पण नवऱ्याच्या अपुऱ्या पानापुढे आपलं पान जोडायला जे धाडस लागतं ते केवळ आत्मविश्वासाचं नसावं. आत्मविश्वासाने विचारलं असतं, की मी त्यांच्या तोडीची आहे का? उत्तर नकारार्थी आलं असतं आणि वही मिटली असती. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता: काम अर्धं पडलंय, ते कोण करणार?

गद्याचं श्रेय थोडं मुलाला, देवदत्तांना, द्यावं लागतं. आठवणी लिहून काढण्याचा आग्रह त्यांचा. स्मृतिचित्रांचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात आले आणि १९३६ सालीच लक्ष्मीबाई गेल्या. आपली थैली आपल्याला दिसत नाही, ती शेजारचा दाखवतो, हे बायबलातही वारंवार येतं. बाप्तिस्मा घेतलेल्या शौलावर यरुशलेमात कुणी भरवसा ठेवायला तयार नव्हतं, तेव्हा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा बर्णबा होता. बंगळुरूतल्या एकट्या खोल्यांतून स्वतःवर विश्वास ठेवायची कसरत करणाऱ्या मुलामुलींकडे पाहताना मला पहिली उणीव जाणवते ती या बर्णबाची.

आता दृष्टांतात नसलेल्या दासाकडे येतो. पाचवाला कमावतो, दोनवाला कमावतो, एकवाला पुरून ठेवतो. थैली घेऊन बाजारात गेला आणि बुडाला, असा चौथा दास येशूने सांगितलेला नाही. ज्याच्या पदरी अपयश आलं त्याला ख्रिस्ती प्रवचनं सहसा ओलांडून जातात ती कदाचित म्हणूनच. असा एक दास मला ठाऊक आहे.

टिळकांचं इंग्रजी चरित्र १९२३ साली जॅक विन्स्लो यांनी लिहिलं. त्याच विन्स्लोंनी उभारलेल्या ख्रिस्त सेवा संघाच्या पुण्यातल्या शिवाजीनगरच्या आश्रमात पुढे एक गोंयकार चित्रकार येऊन राहिला: आंजेलो द फोन्सेका. जन्म १९०२, सांतो एस्तेव्ह बेटावरच्या सुखवस्तू कॅथलिक घरातला. मुंबईत वैद्यकीचं शिक्षण सोडलं, जे. जे.मध्ये गेला, तिथूनही निघून शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. गोव्यात परतून त्याने मरीयेला साडी नेसवली, गव्हाळ रंग दिला, आपल्याकडच्या बायकांचा चेहरा दिला. पोर्तुगीज अमलातल्या चर्चला ते पचलं नाही. त्याला गोवा सोडावा लागला. पुण्यात तो अखेरपर्यंत चित्रं काढत राहिला, त्यातली बरीचशी कुणी मागितलेलीही नव्हती. त्याच्या माघारी पत्नीने शेकडो चित्रं जपली आणि ती गोव्यातल्या झेवियर सेंटरमध्ये पोहोचली.

फोन्सेकाला वाईट दिवसांत स्वतःविषयी शंका आली नसेल असं मी मानत नाही. ज्या देवाने दान दिलं त्याचीच मंडळी म्हणते हे दान नको. अशा वेळी शंका न येणारा माणूस एक तर संत असावा नाहीतर अहंकारी. कार्यशाळेतलं वाक्य इथे निकामी ठरतं. चित्र चांगलं आहे हे त्याला कळत असणार. प्रश्न होता तो ते कुणाचं आहे आणि कुणासाठी काढायचं, हा.

डिसेंबर १९६७ मध्ये तो पुण्यात वारला. त्याच वर्षी बंगळुरूला हचिन्स रोडवर कॅथलिक चर्चचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं, लोकांच्या तोंडी एनबीसीएलसी. डी. एस. अमलोर्पवदास हे तमिळ धर्मगुरू त्याचे संस्थापक. व्हॅटिकनची दुसरी महासभा १९६५ साली संपली होती आणि उपासना आपापल्या देशाच्या रीतीने करण्याची मुभा आली होती. १९६९ साली भारतीय उपासनेसाठी १२ गोष्टींना रोमने मान्यता दिली: जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार, मेणबत्तीऐवजी समई, आरती. फोन्सेका ज्या वळणाची चित्रं काढत होता त्या वळणाला आता शिक्का मिळाला होता. त्याला हे बघायला मिळालं नाही.

केंद्राच्या कलाकामात ज्योती साही यांचा हात होता. १९४४ साली पुण्यात जन्मलेले हे चित्रकार पुढे बंगळुरूच्या उत्तरेला सिल्वेपुऱ्यात स्थायिक झाले आणि तिथे त्यांनी कला आश्रम काढला. मरीया आणि येशू यांना या मातीतले आकार द्यायचं फोन्सेकाचं काम त्यांनी आपल्या पद्धतीने पुढे चालवलं. विरोध संपलेला नाही. हे ख्रिस्ती नव्हे, हिंदू झालं, असं म्हणणारे कॅथलिक तेव्हाही होते, आजही भेटतात. बंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बॅसिलिकेत सप्टेंबरच्या सणाला साडीतल्या मरीयेचा रथ ओढायला हजारोंची गर्दी लोटते, त्यातलेच काही जण मला सांगतात, की साडी ठीक आहे, पण ती चित्रं काही आपली वाटत नाहीत.