मागण्याची रक्कम

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, हा दाखला प्रभू येशूचा (लूक 14). उद्याची चिंता करू नका, हे सांगणेही त्याचेच. मूल परदेशी शिकायला निघाले की ही दोन्ही वचने घरात समोरासमोर येतात.

कॅनडाचेच पाहू. क्वेबेकखेरीज इतरत्र एकट्या विद्यार्थ्याने वर्षाच्या निर्वाहासाठी दाखवावयाची रक्कम 2024च्या आरंभी 10,000 डॉलरवरून 20,635 झाली, सप्टेंबर 2025मध्ये 22,895. शिक्षणशुल्क निराळे. तेथील बँकेत हमीठेव म्हणून ठेवलेला पैसा आरंभी थोडा आणि पुढे हप्त्यांनीच हाती येतो. ऑन्टारिओत घरमालक पहिल्या महिन्याच्या भाड्यासोबत अखेरच्या महिन्याचेही आगाऊ घेऊ शकतो. वर अंथरूण, भांडी, हिवाळ्याचा कोट. आपल्याकडचा स्वेटर तेथे शोभेपुरताच.

हिशेब कोलमडला की मुलगा जेवण कमी करतो आणि रविवारी फोनवर ‘सगळे ठीक आहे’ म्हणतो. वडिलांनी कर्ज काढले आहे, हे तो विसरत नाही. ही माया की असत्य? मला वाटते, दोन्ही. आणि त्यातील असत्याला वाट बहुधा घरानेच करून दिलेली असते. उधळ्या पुत्राला भुकेने घर आठवले. येथे काहीच न उधळलेला मुलगा उपाशीपोटी घराकडे वळायला लाजतो.

चिंता करू नको, हे शब्द वडिलांच्या तोंडी तेव्हाच शोभतात, जेव्हा त्यांनी निघण्यापूर्वी निदान एका महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम बाजूला ठेवलेली असते, आणि ती मागितल्यास कारण विचारणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलेले असते.