टिकला तो थोर काय?



मी दहावीच्या वर्गाला विज्ञान शिकवतो. उत्क्रांतीचे प्रकरण चालू होते. डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत सांगून झाला, तसा मधल्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, जो योग्य तोच टिकतो हा जर निसर्गाचा नियम, तर राखीव जागा निसर्गाच्या विरुद्ध नाहीत का?” वर्गात खसखस पिकली. दोन-तीन चेहरे खाली गेले. ते कोणाचे, हे आपणांस सांगायला नको. तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. पण उत्तर न देता सुटलो, ही बोच रात्रभर राहिली. (केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग २०२३ साली वगळला गेला, तिकडच्या मुलांना हा प्रश्न विचारण्याचीही सोय राहिली नाही!)

हा प्रश्न त्या पोराच्या डोक्यातला नव्हे. तो मोठ्या माणसांचा आहे आणि दीडशे वर्षांचा जुना आहे. म्हणून त्याचा विचार आपण सर्वांनी करावयास हवा.

प्रथम शब्द तपासू. डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ साली निघाला तेव्हा त्यात ‘योग्यतमाचा टिकाव’ हे शब्दच नव्हते. ते हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली योजले आणि डार्विनने १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत उचलले. शब्द सुटसुटीत खरा, पण त्याने मोठा घोटाळा करून ठेवला. जीवशास्त्रात योग्य म्हणजे थोर नव्हे, हुशार नव्हे, सज्जन तर नव्हेच नव्हे. ज्या परिस्थितीत जीव सापडला तीत जगून जो अधिक संतती मागे ठेवतो तो योग्य, एवढाच त्याचा अर्थ. माणसाच्या आतड्यातला पट्टकृमी पाहा. त्याला तोंड नाही, पोट नाही. दुसऱ्याने पचवलेले अन्न तो अंगातून शोषून घेतो. त्या जागी त्याच्याइतका योग्य कोणी नाही! म्हणून त्याच्या गुणवत्तेचा सत्कार करायला कोणी हार घेऊन जात नाही. काळोख्या गुहेतले मासे पिढ्यान्‌पिढ्या डोळे गमावून आंधळे झाले, तेही तेथे योग्यच. तेव्हा ‘टिकला कोण’ याच्या आधी ‘कोणत्या परिस्थितीत’ हे विचारावे लागते. आणि आपल्या वाडवडिलांची परिस्थिती काही निसर्गाने घडवलेली नव्हती. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ पर्यंत माणसाला मज्जाव होता. तो कोणत्या नैसर्गिक निवडीने केला होता?

परंतु सत्तेला आणि संपत्तीला हा शब्द फार आवडला. डार्विनच्याच नात्यातल्या फ्रान्सिस गाल्टनने १८८३ साली ‘युजेनिक्स’ हे नाव काढले, आणि त्या नावाखाली अमेरिकेत साठ हजारांहून अधिक माणसांची नसबंदी झाली; १९२७ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने असल्या कायद्यावर शिक्कामोर्तबही केले. जर्मनीत त्याचे काय झाले ते जग जाणते. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने माणसांची नाके मोजवून घेतली आणि नाकाच्या रुंदीवर जातीची पायरी बसवली. प. पू. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्याच नाकांच्या मापांनी दाखवून दिले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत.

त्याच्याही आधी, ९ मे १९१६ रोजी, पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला. जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मर्म आणि ते मागाहून लादलेले आहे, असे त्यात प्रतिपादन होते. २०१३ साली हैदराबादच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी जनुकांवरून जे प्रसिद्ध केले ते याला पूरकच आहे: सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथले लोक मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते, नंतर ते मिसळणे थांबले. म्हणजे दार आधी उघडे होते, ते कोणीतरी लावले.

येथे आपल्याच मंडळींना एक गोष्ट विचारतो, राग मानू नये. दशावतारात उत्क्रांती शोधणाऱ्यांना आपण हसतो. मग ‘तथागतांनी डार्विनच्या आधीच उत्क्रांती सांगितली’ असे आपल्या व्यासपीठावरून कोणी म्हटले की आपण टाळ्या का वाजवतो? वासेट्ठ सुत्तात तथागत सांगतात की, गवत, झाडे, किडे, पशू, पक्षी यांच्यात जातीजातींच्या वेगळ्या खुणा जन्मतः असतात, माणसामाणसांत तशा नसतात. ही उत्क्रांती नव्हे. जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही, हे पटवण्यासाठी डोळ्यांना दिसणारा पुरावा त्यांनी पुढे ठेवला. तेवढे पुरेसे मोठे आहे. त्यावर डार्विनचा मुलामा कशाला?

शिवाय आपली समता मापावर टांगली तर उद्या एखाद्या मापात फरक निघाला म्हणजे ती पडेल. बाबासाहेबांनी ही अडचण १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आधीच ओळखली होती. माणसे सारखी नसतात हे ते मान्य करतात. पण घराणे, शिक्षण, वडिलार्जित पैसा ज्यांच्या पदरी आहे त्यांनाच शर्यतीत निवडले तर ती निवड सुस्थितीची झाली, कर्तृत्वाची नव्हे, असे ते बजावतात. त्या मुलाचे उत्तर येथे होते आणि मला ते घंटा होण्यापूर्वी सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी मी पट्टकृमीपासून सुरुवात केली. मुले हसली. तो मुलगा हसला नाही. तो म्हणाला, “मग दया तरी कुठून आली, सर?” मी सांगितले की १८७१ च्या ग्रंथात डार्विनने, कळपाने राहणाऱ्या प्राण्यांतल्या सहानुभूतीतून माणसाच्या नीतीचा उगम दाखवला आहे, त्याच ग्रंथात ‘रानटी’ लोकांविषयी त्या काळच्या इंग्रजांचे पूर्वग्रहही आहेत, हेही लपवले नाही. मग डार्विनचा कडवा पाठीराखा टी. एच. हक्सले याचे नाव फळ्यावर लिहिले. १८९३ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात त्याने सांगितले, की समाजाची नैतिक प्रगती निसर्गाच्या झगड्याचे अनुकरण करून होत नाही, त्याच्याशी झुंजून होते. त्याच व्याख्यानात तो गौतमाच्या विचाराविषयीही बोलला आहे. मुलाने ते नाव वहीत उतरवून घेतले आणि व्याख्यान मराठीत मिळेल का, असे विचारले. मी ते भाषांतरित करायला घेतले आहे. सध्या चार पाने झाली आहेत.