संमतीपलीकडचे मोल

'ज्याचे त्याचे सत्य वेगळे' असे म्हणणे हे आज सुशिक्षित मराठी घरांत समंजसपणाचे लक्षण मानले जाते. त्यामागे विचारही आहे. फ्रेंच विचारवंत ल्योतार यांनी 1979 मध्ये उत्तराधुनिकतेची व्याख्याच मुळी महाकथनांवरचा, म्हणजे सर्वांसाठी एकच सत्य सांगणाऱ्या मोठ्या कथनांवरचा, अविश्वास अशी केली. प्रत्येक नैतिक दाव्याला 'हे कोणाच्या सोयीचे?' असे विचारण्याची सवय तेव्हापासून पक्की होत गेली. प्रश्न रास्त आहे. पण तो विचारून झाल्यावर हाती काय उरते, हे जबलपूरच्या इतिहासात तपासून पाहता येते.

24 नोव्हेंबर 1829 रोजी नर्मदाकाठी गोपालपूरच्या एका प्रतिष्ठित ब्राह्मण घराण्यातले उमेदसिंह उपाध्याय वारले. पासष्टीच्या आसपासच्या त्यांच्या पत्नीला सती जायचे होते. जिल्ह्याचा अधिकारी स्लीमन याने आदल्याच वर्षी सतीबंदी जाहीर केली होती. त्याने नकार दिला. पतीचे दहन झाले आणि ती नदीपात्रातल्या खडकावर बसून राहिली. दिवसा ऊन, रात्री कडाक्याची थंडी, अंगावर एक पातळ चादर, अन्नपाणी बंद. बांगड्या फोडून तिने डोक्याला जाडेभरडे लाल फडके गुंडाळले होते. रूढीच्या हिशेबी ती आता मेलेलीच होती, जातीत परतायची वाट बंद झाली होती. अखेर स्लीमन नमला. घराण्यातले आणखी कोणी कधी सती जाणार नाही, असे वचन घेऊन त्याने परवानगी दिली आणि 28 तारखेला ती चितेवर चढली. गव्हर्नर-जनरल बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा आला 4 डिसेंबरला.

रूढी तिची, श्रद्धा तिची, इच्छाही तिची. नीती समाजागणिक बदलते एवढेच खरे असेल, तर इथे हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी 1988 च्या निबंधात दाखवून दिले, की सतीच्या वादात राज्यकर्तेही बोलले, सनातनीही बोलले. त्या बाईचा आवाज मात्र कुठेच ऐकू आला नाही. हे निरीक्षण मला पूर्ण मान्य आहे. पण तिचा आवाज ऐकला जायला हवा होता, हे कशावरून? तिच्या समाजाने तसे ठरवले नव्हते. तो 'हवा होता' समाजाच्या संमतीपलीकडून येतो. आजच्या जबलपूरमधल्या रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत समजा एखाद्या मालकाने प्रेस मशीनचे गार्ड काढून ठेवले, पोटासाठी कामगाराने होकार दिला आणि आजूबाजूच्या सगळ्या शेडमध्ये हीच रीत असली, तरी त्याच्या तुटलेल्या बोटांचा अन्याय कमी होत नाही. होकार कोणत्या कोंडीत दिला गेला, हे सत्तेचे विश्लेषण उत्तम सांगते. त्या माणसाला कोंडीत धरणे वाईट का, याचे उत्तर मात्र त्या विश्लेषणापाशी नाही. ख्रिस्ती श्रद्धेपाशी आहे: माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे, म्हणून त्याचे मोल कुळ, जात किंवा सरकार देत नाही आणि त्यांना ते काढूनही घेता येत नाही.

यावरचा सर्वांत जड आक्षेप असा, की सर्वांना लागू होणारे सत्य म्हणजे साम्राज्याचे हत्यार. गोव्यात हे घडलेही. 1560 मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, मधला थोडा खंड सोडता 1812 पर्यंत चालले, आणि ते ख्रिस्ताच्या नावाने चालले. ही गोष्ट सौम्य शब्दांत सांगणे मला पाप वाटते. पण सापेक्षतावादी तिचा निषेध कोणत्या आधारावर करणार? त्या काळच्या पोर्तुगीज गोव्याचे सत्य तेच होते. चर्च चुकले असे ठामपणे म्हणायचे तर चर्चच्याही वर काही असावे लागते. ख्रिस्ती माणूस त्या न्यायापुढे आधी स्वतःच उभा राहतो, कारण पाप ही केवळ परक्यांची गोष्ट नाही, हे त्याच्या धर्माचे अगदी पहिले शिक्षण आहे.

पंडिता रमाबाईंनी हे जगून दाखवले. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अँग्लिकन सिस्टरांशीच धर्ममतांवरून वाद घातला. कोणाच्या अधिकारावरून काही मानायला त्या तयार नव्हत्या. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरून अनाथ मुलींना घेऊन आल्या, आणि पुढे पुण्याच्या प्लेगमध्ये सरकारी व्यवस्थेने बायकांची जी दैना केली तिच्यावर त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर टीका केली. सनातनी, मिशनरी, सरकार हे तिघेही एकाच मापाने मोजले गेले. ते माप साम्राज्याचे असते, तर सरकार त्यातून सुटले असते.

कोणी म्हणेल, जोतीराव फुले ख्रिस्ती न होताच सार्वजनिक सत्याविषयी बोलले. खरे आहे, आणि ख्रिस्ती विचाराला त्याची अडचण नाही. सद्सद्विवेक देवाने सर्वांनाच दिला आहे, असे तो मानतो. फुल्यांनीही माणसाच्या हक्कांचा आधार निर्मिकात, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्यात, शोधला, रूढीच्या बहुमतात नाही. माझा वाद त्यांच्याशी नाहीच. जो निर्मिकालाही एक कथन म्हणून बाजूला सारतो आणि तरीही गोपालपूरच्या त्या बाईसाठी न्याय मागतो, त्याच्याशी आहे. त्याची मागणी खरी आहे. ती कोणाकडे करायची, एवढेच त्याने सांगावे.