नाश आणि बाध

संस्कृतात पर्वताला 'अचल' म्हणतात. पनवेलच्या पश्चिमेला उलव्याची सुमारे 90 मीटर उंचीची टेकडी होती. सुरुंग लावून ती कापली गेली, तिच्या दगडमातीने खाजणाची जमीन भरली आणि त्या सपाटीवर 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी दहा गावे उठली.

त्यांतल्याच एका गावचे एक वृद्ध गृहस्थ आता करंजाडे येथे मुलाच्या नव्या घरात राहतात. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बोटे सोललेली होती. रात्री जाग आली की ते सवयीने उजवीकडे दार चाचपत, आणि तिथे भिंत असे. सांत्वन म्हणून मी म्हणालो, "काका, शेवटी ही सगळी मायाच." ते माळकरी, मान हलवून गप्प राहिले. ते मौन मला आजही सलते.

शांकर वेदान्तात मिथ्या म्हणजे निव्वळ असत् नव्हे. सशाचे शिंग असत्. ते कुणाला कधी दिसतच नाही. त्रिकालाबाधित तेवढे सत्. जग या दोहोंत बसत नाही, म्हणून ते अनिर्वचनीय. दोरीवर भासलेल्या सापाची सत्ता प्रातिभासिक; घर, शेत, टेकडी यांची व्यावहारिक, आणि ब्रह्मज्ञान होईपर्यंत ती टिकते. शिवाय नाश वेगळा आणि बाध वेगळा. दिवा आणला की 'साप कधी नव्हताच' हे कळते, हा बाध. टेकडीचा झाला तो नाश. ती कधी नव्हतीच, असे म्हणण्याचा अधिकार ज्ञान्याचा. माझा खचित नव्हे. ज्ञानेश्वरांनी तर 'अमृतानुभवा'त अज्ञानाचेच खंडन करून जगाला चैतन्याचा विलास मानले. दुसऱ्याच्या दुःखावर 'माया' हा शब्द टाकून मोकळे होण्याची सोय या दोन्ही दर्शनांत नाही.

पुढच्या भेटीत मी एवढेच विचारले, "काका, दार नेमके कुठे होते?"

त्यांनी तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून फरशीवर घर काढले. ओटी, माजघर, चूल, मागचे दार. पंख्याच्या वाऱ्याने रेघा सुकत होत्या आणि ते पुन्हा बोट भिजवत होते. विहिरीकडे जाणारी बोळ राहिली होती. उठता उठता ते परत बसले आणि तीही त्यांनी काढली.